अडला हरी आणि मॅन्युअल : टेक्निकल रायटिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी

"मोटर सुरू करण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा."

हे माझं वाक्य. मूळ इंग्रजीत लिहिलेलं, व्याकरणात चोख, वर साहेबांची सही. बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतल्या (सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) एका शेडमध्ये पंपाशेजारी लॅमिनेट करून टांगलेलं. आता पंपाला व्हॉल्व्ह असतात दोन. पाणी आत येतं त्या बाजूला सक्शनचा, बाहेर जातं त्या बाजूला डिलिव्हरीचा. सेंट्रिफ्युगल पंप सुरू करताना डिलिव्हरीचा बंद ठेवायचा म्हणजे मोटरवर सुरुवातीचा भार कमी येतो, आणि मग तो हळूहळू उघडायचा. सक्शनचा मात्र पूर्ण उघडाच हवा. हे मला माहीत होतं, साहेबांना माहीत होतं. रात्रपाळीला नवीन लागलेल्या मुलाला माहीत नव्हतं. त्याने हाताशी होता तो व्हॉल्व्ह बंद केला, सक्शनचा. पंप कोरडा फिरला आणि काही मिनिटांत मेकॅनिकल सील (पंपाच्या फिरत्या दांड्याजवळून पाणी गळू न देणारा भाग) गेलं. सकाळी चौकशी झाली तेव्हा पोरगा एवढंच म्हणाला, "लख्युं छे एम ज कर्युं." लिहिलंय तसंच केलं.

खरंच होतं ते. दंड त्याला झाला, चूक माझी होती. या धंद्यात येऊ पाहणारं कोणी मला भेटलं की मी आधी हा किस्सा सांगतो, मग बाकीचं.

काम काय असतं

टेक्निकल रायटर म्हणजे इंजिनिअरचं इंग्रजी सुधारणारा माणूस, असा एक समज आहे. कामाला लागल्यावर पहिले सहा महिने माझाही होता. प्रत्यक्षात काम असं की ज्याला एखादी गोष्ट येते त्याच्याकडून ती काढून घ्यायची आणि ज्याला ती आत्ता, या क्षणी करायची आहे त्याच्या हातात द्यायची. लिहिणं हा त्यातला लहान भाग. विचारणं, बघणं, करून पाहणं आणि लोकांच्या मागे लागून तपासून घेणं यात जास्त वेळ जातो.

बडोदं या कामाला सोयीचं गाव आहे. कोयलीला रिफायनरी, नंदेसरीला केमिकलचे कारखाने, शहरात आणि आसपास औषध कंपन्या, ट्रान्सफॉर्मर आणि स्विचगियर बनवणारे, मकरपुरा, पोर, वाघोडिया, सावली या पट्ट्यात लहान-मोठी वर्कशॉप्स, आणि आता सॉफ्टवेअरवालेही. प्रत्येकाचे कागद वेगळे. पंप किंवा ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याला इन्स्टॉलेशन आणि मेंटेनन्स मॅन्युअल लागतं, सोबत डेटाशीट (यंत्राचे आकडे आणि मापं देणारं पान) आणि सुट्या भागांची यादी. औषध कंपनीत एसओपी, म्हणजे काम कसं करायचं याची ठरलेली लेखी पद्धत, आणि बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्ड, म्हणजे प्रत्येक बॅच कशी बनवली याची नोंद. तिथे तर कागदावर नोंद नसेल तर ते काम झालंच नाही असं धरून चालतात. केमिकलवाल्यांना सेफ्टी डेटा शीट लागते, तिचे १६ विभाग आणि त्यांचा क्रम आंतरराष्ट्रीय पद्धतीने ठरलेला आहे, आणि चौथा विभाग नेहमी प्रथमोपचाराचाच. हा क्रम कोणी हौसेने ठरवलेला नाही. डोळ्यात ॲसिड उडालेल्या माणसाच्या जोडीदाराला शीट उघडताच कुठे बघायचं ते ठाऊक असायला हवं, मग कंपनी कुठलीही असो. सॉफ्टवेअरमध्ये युजर गाइड, रिलीज नोट्स, एपीआयची (एका प्रोग्रॅमने दुसऱ्याशी बोलायच्या सोयीची) कागदपत्रं.

नावं पाठ करत बसू नका. कुठलाही कागद समोर आला की विचारायचं, हा माणूस हातात कधी घेणार? डेटाशीट खुर्चीत बसून, चहा पीत, दुसऱ्या कंपनीच्या डेटाशीटशी ताडून वाचली जाते. एसओपी काम करता करता वाचली जाते. फॉल्टचा तक्ता सगळं बंद पडलेलं असताना, मागे सुपरवायझर उभा असताना वाचला जातो. मांडणी, अक्षराचा आकार, वाक्याची लांबी सगळं त्यावरून ठरतं.

पायरी पहिली : वाचक माणूस म्हणून ठरवा

"वाचक : ऑपरेटर" असं लिहून मोकळे होऊ नका. एका पंपाच्या एका मॅन्युअलचे निदान चार वाचक असतात. खरेदी विभागातला इंजिनिअर, त्याला हेड (पाणी किती उंच चढतं), डिस्चार्ज (किती पाणी येतं), मोटरचे किलोवॅट बघायचेत. पंप बसवणारा फिटर, त्याला फाउंडेशन बोल्टमधलं अंतर आणि कपलिंगचं अलाइनमेंट हवंय, आणि मॅन्युअल त्याच्या हातात नसून जमिनीवर पसरलेलं आहे, त्यावर पाना ठेवलाय. चालवणारा ऑपरेटर. आणि दोन वर्षांनी सील बदलायला आलेला मेंटेनन्सवाला, त्याला फक्त भाग सुटे करून दाखवलेलं चित्र आणि पार्ट नंबर पाहिजे. चौघेही चार वेगळ्या पानांवर उतरतात. पहिल्या पानापासून कोणीच वाचत नाही. "अभिनंदन! आपण आमचे दर्जेदार उत्पादन निवडल्याबद्दल..." हे पान ज्याने लिहिलं त्यानेसुद्धा परत वाचलेलं नसतं.

आपल्याकडे म्हण आहे ना, अडला हरी गाढवाचे पाय धरी. मॅन्युअलचा वाचक म्हणजे हा अडलेला हरी. सगळं सुरळीत असतं तेव्हा तो आपल्या वाटेला जात नाही. शेजाऱ्याला विचारून झालं, फोन लावून झाला, दोन बटणं दाबून झाली, मग तो वैतागून आपल्याकडे येतो. आपण गाढव, हे एकदा मान्य केलं की लिहिणं पुष्कळ सोपं होतं. प्रस्तावना गळतात. "नमूद करण्यात येते की" गळतं.

वाचकाबद्दल मी चार गोष्टी कागदावर लिहून काढतो. त्याला आधीच काय येतं. काय येत नाही पण येतं असं त्याला वाटतं (ही सगळ्यात घातक). वाचताना तो कुठे उभा आहे, उजेड किती, हातात मोजे आहेत का. आणि चुकला तर काय होईल. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "फाइल परत सेव्ह करावी लागेल" असेल तर एक गोष्ट, "बोट जाईल" असेल तर दुसरी.

भाषेचाही प्रश्न आहे. इथले बहुतेक तांत्रिक कागद इंग्रजीत असतात, पण शेडमध्ये गुजराती आणि हिंदी बोलली जाते, आणि बाहेरच्या राज्यांतून आलेली मुलं आणखी तिसरंच काही बोलतात. बडोद्यात वाढलेल्या मराठी माणसाला इथे एक आयता फायदा मिळतो, त्याकडे आपलं लक्ष नसतं. घरात मराठी, खंडेराव मार्केटात गुजराती, रिक्षात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. समोरच्याच्या चेहऱ्यावर "समजलं नाही" उमटलं की आपण नकळत शब्द बदलतो. ती सवय कागदावर आणायची, एवढंच शिकायचं असतं. कठीण मात्र आहे, कारण कागदाला समोरचा चेहरा दिसत नाही.

पायरी दुसरी : जाऊन बघा

ज्याला येतं त्याला सांगता येत नाही. वीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला क्लच किती सोडायचा हे विचारून बघा.

एकदा ग्लँड पॅकिंगवाल्या पंपाची मेंटेनन्सची सूचना लिहायची होती. यात पंपाच्या फिरत्या दांड्याभोवती, म्हणजे शाफ्टभोवती, दोरीसारखं पॅकिंग असतं आणि नट आवळून ग्लँडने ते दाबून ठेवतात. डिझाइनच्या साहेबांनी दिलेल्या कागदावर होतं, "ग्लँड योग्य प्रमाणात आवळावी." मी खाली शेडमध्ये गेलो. फिटरकाकांना विचारलं, "काका, ग्लँड किती आवळायची?"

"थोडी."

"थोडी म्हणजे?"

"जास्त नाही."

असं पाच मिनिटं चाललं. शेवटी म्हटलं, तुम्ही करा, मी बघतो. त्यांनी पंप चालू ठेवला, दोन्ही नट आळीपाळीने पाव-पाव फेरा फिरवले, आणि प्रत्येक वेळी थांबून खाली बघत होते. हाताकडे नव्हे, खाली. "काय बघताय?" "थेंब." या प्रकारच्या पंपात शाफ्टजवळून थेंब गळायलाच हवेत. पॅकिंग त्या पाण्यावर थंड राहतं. नवा माणूस गळती बघतो, घाबरतो, नट गच्च आवळतो. थेंब बंद, सगळे खूश, आणि काही वेळाने पॅकिंग जळतं, शाफ्टच्या स्लीव्हवर चरे पडतात. म्हणजे "योग्य प्रमाणात" या दोन शब्दांत अख्खी गोष्ट दडलेली होती : चालू पंपावर आवळायची, दोन्ही नट सारखे, एका वेळी थोडंच, आणि थेंब मोजायचे. मी घड्याळ लावून मोजले. मग डिझाइनवाल्यांकडून आकडा पक्का करून घेतला. पुष्कळ मॅन्युअलमध्ये मिनिटाला ४० ते ६० थेंब असं दिलेलं सापडेल, पण तुम्ही ज्या पंपाबद्दल लिहिताय त्याचा आकडा त्याच्याच बनवणाऱ्याकडून घ्यायचा.

आणि खाली एक ओळ टाकली : "थेंब पडणे ही बिघाडाची खूण नाही." माझ्या मते त्या पानावरची हीच ओळ सगळ्यात कामाची.

साहेब लोकांकडून माहिती काढण्याची एक युक्ती सांगतो. "सर, जरा माहिती द्याल का?" अशी मेल टाकलीत तर उत्तर पुढच्या महिन्यात. त्याऐवजी तुम्हाला समजलंय तसं, चुकीचं का होईना, एक पान लिहून पाठवा आणि म्हणा, उद्या छपाईला जातंय. अर्ध्या तासात लाल शाईने भरून परत येतं. कोऱ्या कागदावर लिहायला कोणाला वेळ नसतो, दुसऱ्याची चूक काढायला सगळ्यांना असतो. (छपाईची थाप वारंवार मारू नका, दोनदा चालते.)

व्हिडिओ घ्यायचा तर आधी परवानगी. कारखान्यांमध्ये मोबाइल गेटवरच ठेवून घेतात, म्हणून वही-पेन्सिलीची सवय ठेवा.

पायरी तिसरी : कृती लिहा

इथे जरा सावकाश जाऊ. हा मजकूर बघा. असले परिच्छेद तुम्हाला रोज मिळतील :

"पंप चालू करण्यापूर्वी प्रायमिंग (पंपात पाणी भरून हवा काढणे) झाल्याची खात्री करून घ्यावी व त्यानंतर व्हॉल्व्ह बंद ठेवून मोटर चालू करण्यात यावी, दाब योग्य आल्यावर व्हॉल्व्ह हळूहळू उघडावा, परंतु व्हॉल्व्ह बंद अवस्थेत पंप जास्त वेळ चालवू नये कारण पाणी गरम होऊन पंप खराब होण्याची शक्यता असते."

चूक काहीच नाही. माहिती सगळी बरोबर आहे. पण ऑपरेटर हे वाचता वाचता करतोय. "जास्त वेळ चालवू नये" इथपर्यंत तो पोचला तेव्हा मोटर चालू होऊन बसली आहे. शिवाय व्हॉल्व्ह कुठला, दाब किती, जास्त वेळ म्हणजे किती? पाण्याच्या टाकीखाली बसवलेल्या एका पंपासाठी मी ते असं केलं :

सावधान : डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद असताना पंप २ मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका. आतलं पाणी तापून सील खराब होतं.
१. सक्शन व्हॉल्व्ह (व्ही-१, निळं चाक) पूर्ण उघडा.
२. डिलिव्हरी व्हॉल्व्ह (व्ही-२, लाल चाक) पूर्ण बंद करा.
३. पंपावरचा एअर व्हेंट उघडा.
४. बुडबुडे थांबून सलग पाणी येऊ लागलं की एअर व्हेंट बंद करा.
५. मोटर सुरू करा.
६. प्रेशर गेजचा काटा ३ बारवर स्थिरावला की व्ही-२ हळूहळू पूर्ण उघडा.
काटा २० सेकंदांत ३ बारवर आला नाही तर मोटर बंद करा आणि पान २२ वरचा तक्ता बघा.

(२ मिनिटं, २० सेकंद, ३ बार हे त्या पंपाचे आकडे. उचलून दुसरीकडे चिकटवू नका.)

काय बदललं? धोका कृतीच्या आधी आला. एका पायरीत एक काम. प्रत्येक गोष्टीला एकच नाव, आणि ते नाव वस्तूवरही रंगवलेलं. "योग्य", "जास्त", "पुरेसा" हे शब्द गेले, आकडे आले. आणि नीट झालं नाही तर काय, हेही तिथेच सांगितलं. निळं-लाल चाक ही माझी कल्पना नाही, सुरुवातीच्या किस्श्यानंतर त्याच शेडमधल्या फिटरने रंगाचा डबा आणून स्वतःच रंगवलं. कधी कधी कागद सुधारण्यापेक्षा वस्तूवर एक रेघ मारणं स्वस्त पडतं, आणि तसं सुचवणं हेही रायटरचं काम आहे.

सहाव्या पायरीची रचना परत बघा. "काटा ३ बारवर स्थिरावला की... उघडा." आधी अट, मग कृती. इंग्रजीत बरेच जण उलटं लिहितात, उघडा आधी आणि केव्हा ते नंतर. घाईतला माणूस क्रियापद वाचलं की हात घालतो, अट वाचायला थांबत नाही. मराठीत आणि गुजरातीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे अट आपोआप पुढे येते. शाळेत आपल्याला सांगतात की मराठीत विचार करून इंग्रजी लिहू नका. निबंधासाठी सल्ला ठीक. कृती लिहिताना मात्र मी आधी ती मनात मराठीत म्हणतो, क्रम बसला की मग इंग्रजीत उतरवतो.

हे सगळं माझ्या डोक्यातून निघालेलं नाही, हेही सांगायला हवं. विमानाची देखभाल जगभर वेगवेगळी भाषा बोलणारे मेकॅनिक इंग्रजी मॅन्युअल बघून करतात, म्हणून विमान उद्योगाने १९८० च्या दशकात एक आवळलेली इंग्रजी तयार केली. आज ती एएसडी-एसटीई १०० या नावाने चालते. कृतीच्या वाक्यात जास्तीत जास्त २० शब्द, वर्णनाच्या वाक्यात २५. वापरायच्या शब्दांची यादी ठरलेली, आणि शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. उदाहरणार्थ, "फॉलो" म्हणजे फक्त मागून येणे. सूचना पाळायच्या असतील तर "ओबे" वापरायचं. सुरुवातीला हे जाचक वाटतं. महिनाभर पाळून बघा, नंतर इतर लेखन बडबड वाटायला लागतं. घरचे तक्रार करतात ते वेगळं.

शब्दांचा तक्ता

शाळेत बाई म्हणायच्या, एकच शब्द पुन्हा पुन्हा नको, समानार्थी वापरा. इथे ते विसरा. पहिल्या पानावर "बेस फ्रेम", तिसऱ्यावर "बेड", सातव्यावर "स्किड" असं लिहिलंत तर फिटर तीन वस्तू शोधत बसेल. पहिल्या दिवसापासून एक तक्ता ठेवा : वस्तू, तिचं ठरलेलं नाव, वापरायची नाहीत अशी नावं, शेडमध्ये लोक काय म्हणतात. शेवटचा रकाना विसरू नका.

या बाबतीत आपल्या गावाचा वारसा मोठा आहे. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी रसायनशास्त्रज्ञ त्रिभुवनदास गज्जरांच्या हाती कलाभवन ही तांत्रिक शिक्षणाची संस्था सोपवली. तांत्रिक शिक्षण देशी भाषेतून द्यायचं तर शब्द आणि पुस्तकं आधी हवीत, हा प्रश्न इथे तेव्हाच उभा राहिला होता. पुढे १९३१ मध्ये बडोदा संस्थानाने "श्री सयाजीशासनशब्दकल्पतरू" छापला. राज्यकारभारातल्या शब्दांचा आठ भाषांतला तो कोश, इंग्रजी, मराठी-गुजरातीपासून फारसीपर्यंत. संस्थानाच्या एका खात्याने एक शब्द आणि दुसऱ्याने दुसरा वापरला तर काय गोंधळ होतो हे त्यांनी सोसलं असणार. तुमचा दहा ओळींचा एक्सेल तक्ता त्याच घराण्यातला आहे, लाजू नका.

इशारे

इशाऱ्यांचे चार शब्द जगभर बऱ्यापैकी ठरलेले आहेत आणि चढउतारासकट ठरलेले आहेत. डेंजर म्हणजे टाळलं नाही तर माणूस मरेल किंवा जबर जखमी होईल. वॉर्निंग म्हणजे तसं होऊ शकतं. कॉशन म्हणजे किरकोळ किंवा मध्यम इजा. नोटिस म्हणजे माणसाला धोका नाही, वस्तू बिघडेल. वर मी पंपासाठी "सावधान" वापरलं, ते नेमकं बघायला गेलं तर नोटिसच्या जागी यायला हवं, कारण बिघडणार आहे ते सील. मराठीत-गुजरातीत लिहिताना हे चार टप्पे वेगळे दिसतील असे शब्द आधीच ठरवून घ्या, नाहीतर सगळं "सावधान"मध्ये जातं. दर पानावर सात इशारे असले तर वाचक एकही वाचत नाही, म्हणून उगाच वाटू नका.

मालक "एवढं कशाला लिहायचं" म्हणाले तर त्यांना ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ दाखवा. योग्य वापराच्या पुरेशा सूचना नसणं किंवा चुकीच्या वापराबद्दल इशारा नसणं, यासाठीही उत्पादक जबाबदार धरला जाऊ शकतो, असं त्यात स्पष्ट आहे. ही मात्रा लगेच लागू पडते.

तपासणी

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात, दुसऱ्या अधिकरणात, राजाज्ञा लिहिणाऱ्या लेखकासाठी एक अध्याय आहे. तिथे लेखनाचे गुण दिलेत : अर्थक्रम, संबंध, परिपूर्णता, माधुर्य, औदार्य, स्पष्टत्व. माधुर्य सोडलं तर बाकीचे आजही तपासणीच्या यादीत चिकटवावेत असे. दोषांमध्ये माझा आवडता "व्याघात", म्हणजे मागचं आणि पुढचं एकमेकांना छेदणं. पान ४ वर ३ बार आणि पान १९ वर ३.५ बार, हा व्याघात. आणि "अकांती", म्हणजे कागद काळवंडलेला, अक्षर फिकट आणि वेडंवाकडं. झेरॉक्सच्या झेरॉक्सची झेरॉक्स काढून पॅनलवर डकवलेली सूचना आठवा. अडीच हजार नसतील पण बऱ्याच शतकांपूर्वी हा दोष नोंदवून झालाय.

पण खरी तपासणी एकच. मसुदा ज्याच्यासाठी आहे त्याच्या हातात द्यायचा, काम करायला सांगायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं जमत नाही. तो चुकीच्या व्हॉल्व्हकडे हात नेतो आणि आपल्या तोंडून "अहो तो नाही" निघतं. (धोका असेल तर अर्थात थांबवा, किंवा पंप बंद ठेवून नुसतं बोट दाखवायला सांगा.) तो जिथे थांबला, मागचं पान उलटलं, तुमच्याकडे बघितलं, तिथे खूण करा. कारण विचारायची गरज नाही, वाक्य बदला.

घरी करायचा सराव

कारखान्यात शिरकाव नाही म्हणून अडून राहू नका. आईला किंवा आजोबांना मोबाइलवरून लाइटबिल भरायला शिकवणारं एक पान लिहा. एक पान, जास्त नाही. ग्राहक क्रमांक बिलावर कुठे असतो इथपासून, पैसे कापले गेले पण पावती आली नाही तर काय करायचं इथपर्यंत. मग शेजारी बसून गप्प राहा. माझ्या पहिल्या प्रयत्नात आई "होम स्क्रीनवर जा" या पहिल्याच पायरीला म्हणाली, "म्हणजे कुठे जाऊ? घरीच तर आहे." तिसऱ्या मसुद्यात बिल भरलं गेलं. पहिला आणि तिसरा दोन्ही मसुदे तारखेसकट जपून ठेवा, पुढे लागतील.

दुसरा सराव : घरातलं एखादं मॅन्युअल घ्या, मिक्सर, गिझर, काहीही. त्यातलं सगळ्यात वाईट पान शोधा आणि परत लिहा. तिसरा : सॉफ्टवेअरकडे जायचं असेल तर एखाद्या मोफत, खुल्या प्रकल्पाची कागदपत्रं वाचा आणि इन्स्टॉल करताना तुम्ही जिथे अडलात तेवढी ओळ सुधारून पाठवा.

साधनं

यावर नवे लोक फार वेळ घालवतात. वर्ड नीट वापरता येणं, म्हणजे हेडिंगला स्टाइल लावणं, चित्रांना आपोआप नंबर देणं, "पान २२ बघा" हे क्रॉस-रेफरन्सने टाकणं, एवढ्यावर बडोद्यातल्या बऱ्याच नोकऱ्या निभावतात. सॉफ्टवेअर कंपन्यांत मार्कडाउन (साध्या खुणांनी मजकूर मांडायची पद्धत) आणि गिट (फाइलमधले बदल जपून ठेवणारं साधन) लागेल, आठवड्यात हात बसतो. मोठ्या कंपन्यांत डिटा नावाची पद्धत भेटेल. ती आयबीएममध्ये सुरू झाली आणि २००५ मध्ये मानक झाली. तिचं म्हणणं एवढंच की समजावणं, कृती आणि संदर्भ यांची सरमिसळ करू नका, प्रत्येकाचा तुकडा वेगळा लिहा, म्हणजे तो तुकडा दहा मॅन्युअलमध्ये वापरता येतो. साधन न शिकताही हे तत्त्व आजपासून पाळता येईल. गूगलने स्वतःच्या इंजिनिअरांसाठी बनवलेला टेक्निकल रायटिंगचा कोर्स मोफत खुला आहे, तो दोन शनिवार-रविवारात होतो.

एआयबद्दल विचारतातच. मी वापरतो, वाक्य आवळायला, इंग्रजी तपासायला. पण थेंब किती हे त्याला विचारलं तर तो बिनदिक्कत आकडा देतो, आणि कुठल्या पंपाचा ते त्यालाही ठाऊक नसतं. आकडा आणि क्रम हे दोन माणसाकडूनच घ्या.

नोकरी शोधताना

जाहिरातीत नेहमी "टेक्निकल रायटर" लिहिलेलं नसतं. औषध कंपन्यांत क्यूएमध्ये, म्हणजे गुणवत्तेच्या विभागात, डॉक्युमेंटेशनची जागा निघते. इंजिनिअरिंगवाले "डॉक्युमेंटेशन इंजिनिअर" म्हणतात. लहान वर्कशॉपमध्ये जागाच नसते, पण परदेशी ऑर्डर आली की गिऱ्हाईक मॅन्युअल मागतं आणि मालकांची धावपळ उडते. अशा वेळी एका मॅन्युअलचं काम ठरवून घेता येतं. डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेल्यांना यंत्राची भीती नसते हा फायदा, बीए झालेल्यांना प्रश्न विचारायची लाज नसते हा फायदा. मी दोन्ही प्रकारचे चांगले रायटर बघितलेत.

मुलाखतीला प्रमाणपत्रांपेक्षा तीन कागद न्या : लाइटबिलाचे दोन्ही मसुदे, सुधारलेलं मिक्सरचं पान मूळ पानासकट, आणि शब्दांचा एक तक्ता. कोणा कंपनीचं गोपनीय पान दाखवायला नेऊ नका, नोकरी तिथेच जाते. बरेच जण तिथल्या तिथे परीक्षा घेतात, एक गिचमिड परिच्छेद आणि अर्धा तास. लिहायला लगेच सुरुवात करू नका. आधी हात वर करून विचारा, हे कोण वाचणार आहे आणि कुठे उभं राहून. समोरचा थोडा गोंधळला तर गोंधळू द्या. आणि परिच्छेदात नुसतं "व्हॉल्व्ह" लिहिलेलं दिसलं, तर कुठला ते विचारून घ्या.